निघून जाण्याच्या तऱ्हा

कोकणातल्या एखाद्या वाडीतून मे महिन्याच्या अखेरीस चक्कर मारली, की बंद घरांचे दोन प्रकार लगेच ओळखू येतात. एका घराला कुलूप असतं, पण खळं झाडलेलं असतं, कौलं चाळून झालेली असतात, किल्ली शेजाऱ्याकडे असते. मालक मुंबईत असला तरी चतुर्थीला येणार हे साऱ्या वाडीला ठाऊक असतं. दुसऱ्या घरालाही तसंच कुलूप असतं. पण पायऱ्यांवर गवत माजलेलं, तुळशीवृंदावन रिकामं आणि छपराच्या मधोमध एक काळी फट. पहिल्या घरापुढून माणूस सरळ निघून जातो. दुसऱ्यापुढे पाय अडखळतात. खिडकीच्या गजांतून आत डोकवावंसं वाटतं. भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या साली थांबलं? कोनाड्यात काही राहिलंय का? फळीवरचे डबे कुणी नेले की तसेच आहेत?

ही ओढ सगळ्या जगात आहे. जपानमध्ये ओसाड हॉटेलं आणि खाणी शोधत हिंडणारे हौशी लोक आहेत. युरोप-अमेरिकेत पडक्या कारखान्यांच्या छायाचित्रांची जाडजूड पुस्तकं निघतात. बघायला जाणाऱ्याला तिथे नवं असं काय दिसतं? दगड, विटा, गंज, शेवाळ सगळीकडे सारखंच. वेगळी असते ती माणसं निघून जाण्याची तऱ्हा. कुणी वर्षानुवर्षं थोडं थोडं गेलं, कुणी एका दुपारी गेलं, कुणाला घालवलं गेलं, कुणी जाऊनही पुरतं गेलं नाही. ती तऱ्हा वास्तूवर उमटलेली असते आणि ती वाचता वाचता बघणाऱ्याच्या मनात काय उठतं, तेही तिच्यावरच ठरतं.

आधी घर पडतं कसं ते पाहू. कौलारू घराचा जीव छपरात असतो. माकडांनी उड्या मारल्या, फांदी पडली, एखादं कौल सरकलं. घरात माणूस असेल तर पहिल्याच सरीला थेंब गळतो, कुणीतरी खाली पातेलं ठेवतं आणि पाऊस उघडल्यावर शिडी लावून कौल जागेवर बसवतं. माणूस नसेल तर तेच पाणी रिपेवर पडत राहतं. रीप कुजते, तिच्यावरची कौलं खचतात, फट रुंदावते, वासा भिजतो, वाळवी चढते. जांभ्याची भिंत मातीत रचलेली असेल तर वरून शिरलेलं पाणी ती माती धुऊन नेतं. आढं वाकलं की पुढे फार वेळ लागत नाही. पूर्वी चूलही छपराची राखण करायची. तिच्या धुराने वासे कोरडे राहत आणि लाकूड पोखरणारी कीड लांब राही. दारं रोज उघडली जात, जमीन सारवली जाई, कोपऱ्यातलं वारूळ वेळीच मोडलं जाई. माणसाचा नुसता वावर ही अखंड चाललेली डागडुजीच असते.

गावाबाहेरच्या चिरेबंदी वाड्याचा किंवा किल्ल्याचा शत्रू वेगळा. पक्षी पिंपळाची फळं खातात आणि न पचलेलं बी दगडांच्या सांध्यात टाकून जातात. चुन्यातल्या जराशा ओलाव्यावर ते रुजतं. केसाएवढं मूळ फटीत शिरतं आणि जाड होत होत दोन चिरे एकमेकांपासून दूर सारतं. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत हेच काम गंज करतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण हळूहळू कमी होतो, समुद्रकाठी खारं पाणी त्यात भर घालतं आणि आतल्या सळईचं संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतूनच फुटतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेरून धक्का लागलेलाच नसतो. या साऱ्या पडझडींत एक गोष्ट समान आहे: हल्ला कुणी केलेला नसतो, लक्ष तेवढं काढून घेतलेलं असतं. पडकं घर बघताना पोटात जे कालवतं, त्याचं निम्मं कारण इथे असावं. दुर्लक्षाने काय होतं हे प्रत्येकाने आपल्या घरात, आपल्या माणसांत कधी ना कधी पाहिलेलं असतं.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भग्नावशेषांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यांच्या मते वास्तू म्हणजे माणसाची वर जाणारी इच्छा आणि निसर्गाची खाली खेचणारी ताकद यांच्यातला तह. पडझड सुरू झाली की पारडं निसर्गाकडे झुकतं, तरीही त्यातून एक नवीनच एकसंध रूप तयार होतं आणि ते डोळ्यांना सुखावतं. त्यांनी पुढे केलेला भेद जास्त मोलाचा आहे. जिथे नासधूस माणसाने केलेली दिसते तिथे ही शांती मिळत नाही, असं त्यांनी नोंदवलं. पाऊस, वेली आणि काळ यांनी पाडलेली भिंत मन निवांत करते. माणसाने पाडलेली भिंत मनात प्रश्न उभे करते.

भग्नावशेषांत सुख शोधण्याची युरोपातली हौस अठराव्या शतकात तर इतकी वाढली होती, की पॅरिसजवळच्या देझेर द रे या उद्यानात एका श्रीमंताने मुद्दाम मोडक्या, प्रचंड खांबाच्या आकाराचं घर बांधून घेतलं. चित्रकार ह्यूबेर रोबेर हा या हौसेचा खरा शिल्पकार. लूव्हरच्या संग्रहालयाची मांडणी ठरवणाऱ्यांत तो स्वतः होता. १७९६ मध्ये त्याने लूव्हरच्या भव्य दालनाची दोन चित्रं मांडली. एकात दालन सुधारल्यावर कसं दिसेल ते होतं. दुसऱ्यात तेच दालन शेकडो वर्षांनंतर, छप्पर कोसळलेलं, कमानींतून आकाश दिसणारं, आणि ढिगाऱ्यात बसून अपोलोच्या पुतळ्याचं रेखाटन करणारा एक तरुण. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतीच्या काळात रोबेर तुरुंगात होता आणि त्याच्या ओळखीची कितीतरी माणसं गिलोटिनवर गेली होती, हे लक्षात घेतलं की ते दुसरं चित्र नुसती हौस राहत नाही. आपण बांधतो आहोत ते टिकणार नाही हे जाणूनही बांधत राहणाऱ्या माणसाचं ते चित्र आहे.

आता दोन ओसाड गावं शेजारी शेजारी ठेवून पाहू.

नागासाकीच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर हाशिमा नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम सव्वासहा हेक्टर. समुद्राच्या तळाखालचा कोळसा काढण्यासाठी मित्सुबिशी कंपनीने १८९० मध्ये ते विकत घेतलं. वादळांना तोंड देण्यासाठी भोवती उंच तटबंदी घातली आणि १९१६ मध्ये तिथे काँक्रीटची टोलेजंग चाळ उभी केली. जपानमधली काँक्रीटची पहिली मोठी रहिवासी इमारत ती हीच. मग जागा पुरेना, तशा एकीला खेटून दुसरी अशा इमारती उठत गेल्या. १९५९ मध्ये त्या एवढ्याशा खडकावर ५,२५९ माणसं राहत होती. शाळा, दवाखाना, देऊळ, सिनेमागृह सगळं होतं. माती नव्हती म्हणून लोकांनी गच्च्यांवर माती टाकून भाज्या लावल्या. पुढे जपान कोळसा सोडून तेलाकडे वळला. जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि २० एप्रिलला शेवटची माणसं बोटीत बसली. तीन-साडेतीन महिन्यांत एक अख्खं गाव रिकामं झालं. सामान नेण्याची सोय बेताची, त्यामुळे जे जड ते मागे राहिलं. त्यात दूरचित्रवाणीचे संचही होते, एकेकाळी ज्यांच्यासाठी घरोघरी पैसा साठवला गेला असेल असे.

२००९ पासून पर्यटकांना बेटाच्या एका कडेला उतरू देतात. खाऱ्या वाऱ्याने इमारती इतक्या खिळखिळ्या झाल्या आहेत की ठरलेल्या वाटेबाहेर जाता येत नाही. तिथून दिसणारं दृश्य थक्क करणारं असलं, तरी ते बघून निवांत वाटावं असं त्या बेटाचं नशीब नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे कोरियन आणि चिनी माणसांना सक्तीने आणून खाणीत राबवलं गेलं. २०१५ मध्ये युनेस्कोने मेइजी काळातल्या उद्योगस्थळांबरोबर हाशिमाला जागतिक वारशात घेतलं, तेव्हा दक्षिण कोरियाने विरोध केला. ही सक्तीची मजुरी नीट सांगितली जाईल असं जपानने त्या वेळी कबूल केलं. ते वचन पुरतं पाळलं गेलं नाही, म्हणून २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा समितीने तीव्र खेद व्यक्त केला. एकाच रिकाम्या चाळीकडे बघून एका जपानी म्हाताऱ्याला बालपण आठवतं आणि एका कोरियन कुटुंबाला आजोबांचा छळ आठवतो. दोन्ही खरं आहे, आणि भिंतीवर ते लिहिलेलं नसल्याने कुणीतरी सांगावंच लागतं.

युक्रेनमधलं प्रिप्यात मात्र तासांच्या हिशेबाने रिकामं झालं. अणुवीज प्रकल्पातल्या कामगारांसाठी १९७० मध्ये वसवलेलं हे तरुण, नीटनेटकं शहर होतं. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी कीव्हहून आलेल्या हजाराहून अधिक बसगाड्यांत लोकांना बसवलं गेलं. तात्पुरतं जायचं आहे, कागदपत्रं आणि थोडं खाणं बरोबर घ्या, असं त्यांना सांगितलेलं होतं. हाशिमाच्या माणसांनी निरोप घेतला, प्रिप्यातच्या माणसांना निरोप घ्यायचा आहे हेच ठाऊक नव्हतं. म्हणून हाशिमात उरलं आहे ते टाकून दिलेलं सामान आणि प्रिप्यातमध्ये उरली ती अर्ध्यात सोडलेली कामं. मे दिनाला सुरू व्हायचा असलेला आकाशपाळणा अजून तिथे उभा आहे. जगभरच्या छायाचित्रांत दिसणाऱ्या, गॅसचा मुखवटा घातलेल्या बाहुल्या मात्र त्या दिवसाच्या नाहीत. त्यांतल्या पुष्कळशा नंतर आलेल्यांनी चांगलं चित्र मिळावं म्हणून मांडल्या आहेत. ही मांडामांड थांबायला हवी. ज्यांचं घर तिथे राहिलं त्यांच्या दुःखात असं आपल्या पदरचं घालणं बरं नव्हे.

निघून जाण्याची आणखी एक तऱ्हा आहे, ती म्हणजे गेलो की नाही हेच न ठरणं. अमेरिकन कुटुंबशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला. माणूस गेल्याची खात्री नाही, येण्याची आशा नाही, अशा वेळी शोकाला सुरुवातच करता येत नाही आणि म्हणून तो संपतही नाही, असं त्यांना दिसलं. या अनिश्चित वियोगाचा विचार करताना गिरणगाव डोळ्यांपुढे येतं. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या विझत गेल्या, यंत्रं भंगारात गेली, भोंगे थांबले, पण अमुक दिवशी सगळं संपलं असं कुणी म्हटलं नाही. कामगार कित्येक वर्षं गेटपर्यंत जाऊन परत येत राहिले. परळ-लोअर परळच्या त्या बंद आवारांत, तुटक्या करवतदाती छपरांखाली झाडं उगवली आणि बाहेर चाळींतून लोक वाट बघत बसले. आज तिथे मॉल आणि काचेचे मनोरे आहेत, कुठे कुठे शोभेसाठी राखलेलं एखादं धुराडं. पडक्या गिरणीत निदान जे घडलं त्याचा मागमूस होता. चकचकीत आवारातल्या त्या एकट्या धुराड्याकडे बघून इथे काय तुटलं, हे नव्या पिढीला कळायला वाव उरलेला नाही.

काही वास्तू पाण्याखाली जाऊनही पुरत्या जात नाहीत. पुणे जिल्ह्यात उजनीच्या जलाशयात पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक होड्या करून ते बघायला जातात. गोव्यात तर अख्खं गाव वर येतं. सांगे तालुक्यातलं कुर्डी हे साळावली नदीकाठचं संपन्न गाव होतं. भातशेती, माड, काजू, फणस. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशी मिश्र वस्ती. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म इथलाच, १९०४ सालचा. दक्षिण गोव्याला पाणी पुरवण्यासाठी धरण ठरलं. तुमच्या त्यागाने साऱ्या मुलखाचं भलं होईल, असं पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः येऊन सांगून गेले, ही आठवण तिथल्या जुन्या माणसांनी जपली आहे. कुटुंबं वाडें आणि वालकिणी इथे हलवली गेली. कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा उभं केलं. घरांना ते भाग्य नव्हतं. १९८० च्या दशकात पाणी चढलं.

पण दर उन्हाळ्यात ते उतरतं. मे महिन्यात जलाशयाचा तळ उघडा पडतो आणि कुर्डीची जोती दिसू लागतात. भिंती गेल्या, तरी खोल्यांच्या रेघा शाबूत आहेत. इथे ओसरी, इथे स्वयंपाकघर, इथे न्हाणीघर असं बोट दाखवता येतं. पाण्यात राहून काळे पडलेले झाडांचे बुंधे, भेगाळलेला गाळ, पाटांच्या खुणा, विहिरीचं कडं, घरगुती भांड्यांचे तुकडे. एरवी ओसाड जागी बाहेरची माणसं हौसेने जातात. इथे मूळचीच माणसं येतात. सोमेश्वराच्या देवळाशी उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलाच्या फेस्ताला जमतात, नातवंडांना आपापल्या जोत्यावर उभं केलं जातं. पावसाळा आला की पुन्हा सगळं पाण्याखाली. वर्षातून एकदा रडायला आणि जेवायला एकत्र यायची जागा म्हणून कुर्डी अजून गाव राहिलं आहे. कुलूपबंद घरांच्या कितीतरी गावांपेक्षा जास्तच गाव राहिलं आहे.

घर गेल्याचं दुःख मानसशास्त्राने फार उशिरा मनावर घेतलं. बॉस्टनचा वेस्ट एंड हा गरीब पण गजबजलेला भाग १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकासाच्या नावाखाली जमीनदोस्त झाला. तिथून हलवलेल्या लोकांशी मार्क फ्रीड आणि सहकारी बोलले. १९६३ च्या आपल्या लेखात फ्रीड यांनी सांगितलं, की या लोकांची अवस्था जवळचं माणूस गेल्यावर होते तशीच होती. तशीच हुरहूर, तशीच असहायता, राग. दोन वर्षं उलटली तरी काहींचं दुःख ओसरलं नव्हतं. नवी घरं कित्येकांना जुन्यापेक्षा चांगली मिळाली होती, हे लक्षात घेतलं तर पुनर्वसनाच्या कागदांवरचे चौरस फूट किती अपुरे असतात ते कळतं.

या सगळ्यात भीती कुठे बसते? कारण पडक्या घराचं नाव काढलं की भुताची गोष्ट मागोमाग येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रँक मॅकअँड्र्यू आणि सारा कोएन्के यांनी २०१६ मध्ये अंगावर काटा आणणाऱ्या माणसांविषयी अभ्यास केला. धोका स्पष्ट दिसला तर माणूस पळतो किंवा लढतो. धोका आहे की नाही हेच कळेनासं झालं की अंगावर काटा येतो, असं त्यांचं म्हणणं. ओसाड घरात नेमकं हेच होतं. घर माणसांसाठी बांधलेलं, दारं-खिडक्या माणसांच्या उंचीच्या, आणि माणूस नाही. मन ती जागा भरून काढतं. पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतरही वाड्यात पेशवाई नांदली. पुढे १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या आणि उरले तट, दरवाजे, जोती आणि हौद. रात्री ऐकू येणाऱ्या ‘काका, मला वाचवा’ या हाकेला अशा रिकाम्या जोत्यांनी फार मोठी जागा करून दिली. एका अठरा वर्षांच्या मुलाचा घात झाला ही गोष्ट पुण्याने विसरू दिली नाही, याचं श्रेय त्या भुताच्या कथेलाही द्यायला हवं.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये बघ्यांचा प्रश्न सर्वांत तीव्र झाला. मोटारींच्या या राजधानीत १९५० मध्ये साडेअठरा लाख माणसं होती. २०१० पर्यंत ती सव्वासात लाखांच्या आत आली. घरं, शाळा, नाट्यगृहं ओस पडली. जगभरचे छायाचित्रकार तिथे लोटले आणि दोघा फ्रेंच तरुणांच्या छायाचित्रांचं पुस्तक खूप गाजलं. गावात उरलेले लोक संतापले. तुम्ही आमच्या पडझडीचं सौंदर्य टिपता, पण चौकटीत आम्ही कुठेच नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते योग्यच होतं. शेजारच्या गल्लीत मुलं शाळेत जात असताना शहर मेलं असं दाखवणारं चित्र अर्धवट सत्य सांगतं.

सर्वांत जास्त टिपली गेली ती मिशिगन सेंट्रल स्टेशनची इमारत. १९१३ मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन, वर अठरा मजल्यांचा मनोरा, आत कमानदार प्रतीक्षालय. जानेवारी १९८८ मध्ये शेवटची गाडी सुटली आणि मग तीस वर्षं पाऊस, बर्फ आणि भंगारचोर यांनी ती पोखरली. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ती विकत घेतली. बातमी पसरल्यावर थोड्याच दिवसांत डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात एक निनावी फोन आला. स्टेशनचं जुनं घड्याळ आपल्याजवळ आहे आणि ते परत द्यायचं आहे, असं बोलणाऱ्याने सांगितलं. घड्याळ वीसेक वर्षांपूर्वी नाहीसं झालेलं होतं. सांगितल्या जागी माणसं ट्रक घेऊन गेली तेव्हा एका जळक्या इमारतीच्या भिंतीशी ते नीट गुंडाळून ठेवलेलं सापडलं. त्यानंतर इतर लोकही वस्तू आणून देऊ लागले: दिवे, नक्षीकामाचे तुकडे, कुणी पाडापाडीतून उचललेलं, कुणी आठवण म्हणून नेलेलं. कारागिरांना मूळ नक्षीचे साचे करायला त्यांतल्या काही वस्तू कामी आल्या. जून २०२४ मध्ये स्टेशन पुन्हा उघडलं. ओसाड वर्षांत पोरांनी भिंतींवर काढलेल्या रंगीत चित्रांपैकी काही दुरुस्ती करताना मुद्दाम तशीच राखण्यात आली आहेत.